जीप गाडी व तिचीं इंजिनें

दोंडाईच्याहून उत्तरेस निघालें कीं तापी ओलांडून शहादें लागतें, आणि शहाद्यापुढें सातपुड्याची चढण सुरू होते. तापीकांठची काळी जमीन पावसाळ्यांत चाक धरून ठेवते. तोरणमाळचा घाट इंजिनाचा दम पाहतो. चिखल आणि चढ या दोन्ही परीक्षा एकाच दिवसांत घेणाऱ्या या मुलखांत जीप गाडी लोकांच्या अंगवळणीं पडली, यांत नवल नाहीं. तिच्या युद्धांतील कथा पुष्कळांनीं सांगितल्या आहेत. मला आज बोलावयाचें आहे तें तिच्या बॉनेटखालीं वेळोवेळीं झालेल्या अदलाबदलीविषयीं. वापरलेल्या गाडींत तिच्याहूनहि जुन्या घराण्याचें इंजिन बसविणें ही आपल्याकडील फिटर लोकांची क्लृप्ति होय, असा सर्वसाधारण समज आहे. परंतु जीप जन्मली तीच जुनें इंजिन पोटांत घेऊन.

१९४० सालीं अमेरिकन लष्करानें चारहि चाकांना ओढ असलेली हलकी गाडी मागितली. बँटम कंपनीची गाडी प्रथम तयार झाली, पण तिचें इंजिन ४५ अश्वशक्तीचें. टोलेडो येथील विलीज कंपनीच्या गाडींत ६० अश्वशक्ति होती, आणि तेथेंच तिचें पारडें जड झालें. हें इंजिन मुळीं नवें नव्हतें. १९२६ च्या ‘व्हिपेट’ नांवाच्या स्वस्त मोटारींतील तें इंजिन. सिलिंडरचा व्यास सव्वातीन इंचांहून किंचित् कमी, पिस्टनची धांव जवळजवळ साडेचार इंच. १९३८ सालीं डेल्मर रूस हा इंजिनियर विलीजमध्यें आला व त्यानें याच इंजिनाची शक्ति ४८ वरून ६० वर नेली. मापें मात्र तींच ठेवलीं. लांब धांवेचें इंजिन मंद गतींतहि जोरानें ओढतें, आणि चिखलांतून निघणाऱ्या गाडीस नेमकें तेंच हवें असतें.

युद्ध संपल्यावर मुंबईस महिंद्र मंडळींनीं ही गाडी हातीं घेतली, आणि १९४९ सालीं माझगांव येथें पहिल्या जीपगाड्या जोडल्या गेल्या. पुढें विलीजनें त्याच इंजिनावर नवें डोकें चढविलें. आंत हवा घेणारी झडप सिलिंडरच्या वर गेली, धूर सोडणारी बाजूसच राहिली. इंजिन उंच झालें, तेव्हां १९५३ च्या नमुन्यांत बॉनेटहि उंच करावें लागलें. आपण उंच नाकाची म्हणून जी जुनी जीप ओळखतों तिचें रूप असें इंजिनानें ठरविलेलें आहे.

तरी खेड्यापाड्यांतील जीपवाल्याचा खरा प्रश्न शक्तीचा नव्हता, पेट्रोलचा होता. १९७३ च्या तेलसंकटानें पेट्रोलचे भाव असे चढले कीं उतारूंच्या भाड्यावर गाडी चालविणाऱ्यास दिवसाअखेर हातांत कांहीं उरेना. त्याला उत्तर मिळालें शेतांतून. इंग्लंडमध्यें १९५८ सालीं निघालेला ‘बी-२७५’ ट्रॅक्टर १९६३ नंतर कांदिवलीस तयार होऊं लागला होता. त्याचें चार सिलिंडरांचें डिझेल इंजिन सुमारें ३५ अश्वशक्तीचें, आणि ट्रॅक्टरचे फिटर बाजारपेठेच्या प्रत्येक गांवीं. या घराण्याचें इंजिन कारखान्यानें स्वतःच जीपमध्यें घातलें. गॅरेजवाल्यांनीं जुन्या पेट्रोल गाड्यांना तोच मार्ग दाखविला.

काम दिसावयास सोपें दिसतें. प्रत्यक्षांत इंजिन व गिअरपेटी यांचे बोल्ट एकमेकांस जुळत नाहींत. मध्यें जाड पोलादी तबकडी लेथवर कातून घालावी लागते. ही तबकडी केंसभर तिरपी बसली तरी गिअरपेटीचें बेअरिंग थोड्याच दिवसांत ओरडूं लागतें. डिझेल इंजिन जड, म्हणून पुढचे पाटे वाढवावयाचे. त्याची थरथर दांडगी, म्हणून फाउंडेशनखालीं चांगलें रबर हवें. तें नसेल तर चासीस भेगा जातात. चांगला फिटर या कामास घाई करीत नाहीं.

पण खरी अडचण निराळीच आहे, आणि तीसाठीं एक लहानसें गणित ऐकून घ्यावें. जीपचीं चाकें एक फेरा घेतात तेव्हां वरच्या गिअरमध्यें इंजिन ५.३८ फेरे घेतें. चाकाचा घेर धरा सव्वादोन मीटर. पेट्रोल इंजिन मिनिटास ४००० फेरे घेई तेव्हां गाडी तासास १०० किलोमीटर जाई. ट्रॅक्टरचें इंजिन २००० फेऱ्यांच्या आंतच सुखी असतें; म्हणजे तीच गाडी ५० वर आली! घाटांत व चिखलांत याचें कांहींच वाटत नाहीं, उलट गाडी हत्तीसारखी चढते. धुळ्याच्या सडकेवर मात्र मागचा ट्रक भोंगा वाजवीत पुढें जातो. पुष्कळ फिटर मग गव्हर्नर ढिला करून फेरे वाढवितात. माझ्या मतें हें वाईट. क्राउन-पिनियन बदलून गति वाढवावी; खर्च येतो, पण इंजिनाचें आयुष्य टिकतें.

पुढें फ्रान्सच्या प्यूजो कंपनीच्या परवान्यानें २११२ घनसेंटिमीटरचें चपळ डिझेल इंजिन इगतपुरीस होऊं लागलें, आणि १९८५ च्या ‘एम.एम. ५४०’ जीपमध्यें तें आलें. तें झिजल्यावर पुष्कळ मालकांनीं त्या जागीं ट्रॅक्टरच्याच वळणाचें इंजिन घातलें. वेग गेला, पण दुरुस्ती गांवांत आली.

मालकानें आर.सी. बुकाची गोष्ट विसरूं नये. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाखालीं असल्या बदलास नोंदणी-अधिकाऱ्याची संमति लागते, आणि २०१९ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयानंतर या बाबतींत ढिलाई उरली नाहीं. बुकांतील इंजिनाचा नंबर व प्रत्यक्षांतला नंबर निराळा निघाला, तर अपघाताच्या दिवशीं विमा कंपनी प्रथम तेंच पाहते.

या घराण्याची चिकाटी पाहावयाची असेल तर नव्या शतकांतील ‘बोलेरो’ गाडीचें बॉनेट उघडावें. २५२३ घनसेंटिमीटरचें इंजिन, व्यास ८८.९ मिलिमीटर, धांव १०१.६. हे आंकडे चमत्कारिक वाटतात ना? त्यांना इंचांत वाचावें: साडेतीन आणि बरोबर चार. चार इंचांची तीच धांव १९५८ च्या त्या ट्रॅक्टरची होती.