वासुदेव गायतोंडे

वासुदेव संतू गायतोंडे (२ नोव्हेंबर, इ.स. १९२४ - १० ऑगस्ट, इ.स. २००१) हे भारतीय चित्रकार होते. स्वातंत्र्योत्तर भारतातील अमूर्त चित्रकलेच्या प्रमुख प्रवर्तकांमध्ये त्यांची गणना होते. त्यांना स्वतःला मात्र 'अमूर्त' हे विशेषण मान्य नव्हते. आपली चित्रे 'अवस्तुनिष्ठ' आहेत, असे ते म्हणत.

जीवन

गायतोंडे यांचा जन्म नागपूर येथे झाला. त्यांचे कुटुंब मूळचे गोव्याचे. बालपण मुंबईत गिरगावातील चाळीत गेले. इ.स. १९४८ मध्ये त्यांनी सर ज. जी. कला महाविद्यालयातून पदविका घेतली आणि पुढे ते प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपच्या वर्तुळात आले. सुरुवातीच्या चित्रांत भारतीय लघुचित्रांचा आणि पॉल क्ले यांचा प्रभाव दिसतो. इ.स. १९५७ मध्ये टोकियो येथील तरुण आशियाई चित्रकारांच्या प्रदर्शनात त्यांना पारितोषिक मिळाले. इ.स. १९६४ मध्ये रॉकफेलर शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कला गेले. इ.स. १९७१ मध्ये पद्मश्री मिळाल्यानंतर लवकरच त्यांनी मुंबई सोडली व दिल्लीत निजामुद्दीन भागात एकांतात राहू लागले.

चित्रनिर्मितीची पद्धत

त्यांचे काम अंतःप्रेरणेवर आधारलेले होते. पण त्याचा अर्थ उत्स्फूर्त फटकारे असा नाही. कॅनव्हाससमोर ते दीर्घकाळ बसून राहत आणि वर्षाला जेमतेम पाच-सहा चित्रे पूर्ण करीत. झेन विचार, रमण महर्षी आणि निसर्गदत्त महाराज यांच्याविषयी त्यांना ओढ होती.

हाताळणीत ब्रशचे स्थान दुय्यम होते. तैलरंग रोलरने पातळ थरांत पसरायचा, पॅलेट नाइफने काही भाग खरवडून काढायचा, खालचा रंग वर येऊ द्यायचा, अशी त्यांची रीत होती. मासिके वा वर्तमानपत्रे फाडून केलेले कागदाचे आकार रंगात बुडवून ते कॅनव्हासवर दाबत आणि सोलून काढीत. मागे उरणारे ठसे अपरिचित लिपीतील अक्षरांसारखे भासतात, वाचता मात्र येत नाहीत. कागद कुठे किती रंग सोडेल हे पूर्णपणे हातात नसते. उमटलेला ठसा ठेवायचा की पुसायचा, एवढाच निर्णय चित्रकाराचा. या चित्रांतील शांतता अशा निर्णयांतून आलेली आहे. थर एकमेकांतून झिरपत असल्याने प्रकाश आतून येतो असे वाटते. छापील प्रतिकृतीत हा पोत बहुतांशी हरवतो. इ.स. १९७०च्या दशकातील उभे कॅनव्हास या पद्धतीचे परिपक्व रूप मानले जातात. बहुतेक चित्रांना शीर्षक नाही.

अपघात व उत्तरकाळ

इ.स. १९८४ मधील गंभीर अपघातानंतर मोठ्या कॅनव्हासवर काम करणे त्यांना काही काळ अशक्य झाले. या काळात त्यांनी कागदावर शाईने लहान रेखाटने केली. रंगांचे थर गेले, आकारांची ती अबोल लिपी मात्र राहिली. या रेखाटनांकडे अद्याप पुरेसे लक्ष गेलेले नाही. नंतर ते पुन्हा कॅनव्हासकडे वळले.

मरणोत्तर

गायतोंडे प्रसिद्धीपासून कटाक्षाने दूर राहिले. त्यांच्या निधनानंतर मात्र चित्रांच्या किमती झपाट्याने वाढल्या. इ.स. २०१३ मध्ये ख्रिस्तीजच्या मुंबईतील पहिल्या लिलावात त्यांचे एक चित्र २३ कोटींहून अधिक रुपयांना विकले गेले. इ.स. २०१४-१५ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात संधिनी पोद्दार यांनी मांडलेले त्यांचे सिंहावलोकनी प्रदर्शन झाले; पुढे ते व्हेनिस येथेही गेले.