हवेचा ताप आणि खडकीचें इंजिन

पुणें हें सायकलींचें शहर म्हणून ओळखलें जाई, त्या काळीं वाड्यांच्या दारांत सकाळीं एक दृश्य हटकून दिसे. कोणी तरी वाकून चाकांत हवा भरीत आहे आणि मध्येंच हात झटकून म्हणत आहे, "पंप तापला कीं!" घर्षणानें तापला, असें आपण सहज बोलून जातों. थोडें खरेंहि आहे तें. पण मुख्य कारण निराळें: दाबलेली हवा स्वतःच तापते. ह्या तापण्याचा हिशेब माणसाला कसा जमला आणि तो आमच्या खडकीपर्यंत कसा येऊन पोंचला, ती हकीकत आज श्रोत्यांस सांगावयाची आहे.

एक किलो पाणी एक अंशानें तापविण्यास लागणारी उष्णता एक मानली, तर तेवढ्याच हवेस ०.२४ पुरते. हिला हवेची विशिष्ट उष्णता म्हणतात. पण येथें एक मेख आहे. हवा तापली कीं पसरूं पाहते. तिला पसरूं दिलें, तर वरचें झांकण ढकलण्याचें काम तिला करावें लागतें आणि त्याचा खर्च उष्णतेंतूनच भागतो. भांडें घट्ट बंद ठेवलें, तर हा खर्च वांचतो आणि ०.१७ मध्येंच काम होतें. म्हणजे वायूला विशिष्ट उष्णता एक नव्हे, दोन! पहिलीस दुसरीनें भागलें कीं १.४ हा आंकडा येतो.

ही भानगड प्रथम उघडकीस आली ती यंत्रांमुळें नव्हे, ध्वनीमुळें. न्यूटननें १६८७ सालच्या आपल्या ग्रंथांत हवेंतील ध्वनीचा वेग गणितानें काढण्याची रीत दिली. तिचें उत्तर प्रत्यक्ष वेगाहून सुमारें एक षष्ठांशानें कमी पडे, आणि शंभराहून अधिक वर्षें हा फरक कोणास नीट उलगडला नाहीं. १८१६ सालीं लाप्लासनें दाखवून दिलें कीं, ध्वनीची लाट जातांना हवा इतकी झटकन दाबली जाते कीं, तिच्यांतील उष्णतेला बाहेर पडावयास सवडच मिळत नाहीं. म्हणून न्यूटनच्या वेगाला त्या गुणोत्तराच्या वर्गमूळानें गुणलें पाहिजे.

तथापि मोजणी हा बिकट मामला होता. हवा वजनाला हलकी. ती ज्या भांड्यांत भरावयाची तें भांडेंच तिच्याहून कितीतरी अधिक उष्णता गिळून बसतें. डेलारोश आणि बेरार ह्या दोघां फ्रेंच संशोधकांनीं १८१३ च्या सुमारास तापलेली हवा नागमोडी नळींतून पाण्याच्या भांड्यांत फिरवून मोजणी केली आणि पारितोषिकहि मिळविलें. त्यांचा आंकडा आला ०.२६७, म्हणजे शेंकडा ११ नीं जास्त. एवढ्यानें काय बिघडलें? पुष्कळ बिघडलें. १८४२ सालीं रॉबर्ट मायर ह्या जर्मन डॉक्टरानें ओळखलें कीं, दोन विशिष्ट उष्णतांमधील फरक हाच पसरण्याच्या कामाचा खर्च होय, आणि त्यावरून उष्णता व काम ह्यांच्यांतील विनिमयाचा दर त्यानें काढला. विचार बावनकशी, पण आंकडा उसना! पाणी एक अंश तापविणारी उष्णता म्हणजे तेंच पाणी ३६५ मीटर उंच उचलण्याचें काम, असें त्याचें उत्तर आलें. खरें उत्तर ४२७ च्या जवळ आहे. पुढें रेन्योनें पराकाष्ठेच्या चिकाटीनें हवेची मोजणी सुधारली, तेव्हां मायरचें गणित मार्गावर आलें. त्याच सुमारास, १८५४ सालीं, पुण्यांत सरकारी बांधकामांसाठीं कनिष्ठ अधिकारी तयार करणारा इंजिनियरिंगचा वर्ग निघाला होता. पुढच्या इंजिनियरिंग कॉलेजचा उगम तोच.

ह्या आंकड्यावर सर्वस्व पणास लावलें तें रुडॉल्फ डीझेलनें. १८९२ च्या पेटंटामागील त्याची कल्पना अशी कीं, हवाच इतकी दाबावी कीं तिच्या तापानें इंधन आपोआप पेटावें. प्रथम त्यानें अडीचशे वातावरणांचा दाब मनांत धरला होता. प्रत्यक्षांत तें झेपेना. १८९७ सालीं आउग्सबुर्ग येथें यशस्वी झालेलें इंजिन तीस-पस्तीस वातावरणांवर समाधान मानणारें होतें.

खडकीस किर्लोस्कर ऑईल इंजिन्स हा कारखाना १९४६ सालीं स्थापन झाला. त्याचें 'एव्ही-१' हें पांच अश्वशक्तीचें इंजिन पुष्कळांनीं पाहिलें असेल. त्याच्या सिलिंडरांत हवा मूळच्या साडेसोळाव्या हिश्शापर्यंत दाबली जाते. २७ अंशांची हवा घेऊन १.४ नें हिशेब केला, तर ती ६५० अंशांच्या आसपास तापते. डीझेल तेलाला अडीचशे अंश पुरतात. मग एवढी चैन कशाला? थंडीच्या पहांटे विहिरीवर हँडल मारणाऱ्या शेतकऱ्यास विचारा! हात सावकाश फिरला, तर उष्णता थंड लोखंडांत मुरते; रिंगा झिजल्या असतील, तर हवाच निसटते; आणि कागदावरचे ६५० अंश कोठल्या कोठें उतरतात. वायूचें गुणोत्तर १.२ असतें, तर मुळांतच अडीचशेच्या जेमतेम वर अंश मिळाले असते आणि कित्येक पिकें पाण्यावांचून करपलीं असतीं.

पण १.४ हा आंकडादेखील कायमचा नव्हे. मालार आणि ल शातेल्ये ह्यांनीं १८८३ सालीं दाखविलें कीं, ताप वाढेल तशी वायूंची विशिष्ट उष्णताहि वाढते. सतराशे अंशांस हवेची ती सुमारें एक चतुर्थांशानें वाढलेली असते. हें विसरून केलेला हिशेब इंजिनाकडून नसतें सामर्थ्य मागतो.

विद्यार्थिदशेंत मीहि हें विसरलों होतों. प्रयोगशाळेंत इंजिनाच्या उष्णतेचा ताळेबंद मांडावयाचा असे: इतकी कामांत, इतकी थंड करणाऱ्या पाण्यांत, इतकी धुरांत, आणि उरलेली 'बेहिशेबी'. मीं धुराला थंड हवेचा ०.२४ लावून शेंकडा २८ चा आंकडा काढला. बेहिशेबी उरले १०. गुरुजींनीं वही परत केली. धूर चारशे अंशांचा, शिवाय त्यांत वाफ आणि कर्बवायु, त्याला ०.२६ लावावयास हवें होतें. पुन्हां मांडणी केली, तेव्हां धुराचे ३० झाले आणि बेहिशेबी ८ वर आले. ते आठ कोठें जातात, असें मीं विचारलें. गुरुजी म्हणाले, "इंजिनावर हात ठेवून पाहा." मीं ठेवला, आणि सायकलच्या पंपावरून काढावा तसा झटकन काढून घेतला.