भिंतीवरचे देव

आमच्या जुन्या घराच्या माजघरात, देवघराच्या उजव्या अंगाला, लक्ष्मीची एक मोठी तसबीर होती. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे ती भिंतीला सपाट टेकवलेली नसून वरच्या अंगाने पुढे झुकलेली असे, आणि त्यामुळे तिच्यामागे जी त्रिकोणी पोकळी निर्माण होई तीत चिमण्या निर्वेधपणे संसार थाटीत, तर वडील शेतसाऱ्याच्या पावत्या, लग्नपत्रिका आणि एखादा कज्जेदलालीचा कागद खोचून ठेवीत. लक्ष्मीच्या पाठीमागे सरकारी दफ्तर असावे यात कोणालाही काही विसंगत वाटत नसे. तसबीर हा शब्दही अरबी-फारसीच्या वाटेने दरबारातून आपल्याकडे आलेला. पण त्या शब्दाने निर्देशिलेली वस्तू माजघरापर्यंत पोचली ती दरबारातून नव्हे, छापखान्यातून, आणि तीही फार जुन्या काळी नव्हे.

लक्ष्मी म्हटली की कमळावर उभी, चतुर्भुज, अंगावर भरजरी साडी, पाण्याच्या कडेला हत्ती, असे जे रूप आपल्या मनःचक्षूंपुढे उभे राहते ते अनादि आहे अशी आपली प्रामाणिक समजूत असते. वस्तुतः त्या रूपाची ही साडीतली, छापील घडण सव्वाशे-दीडशे वर्षांहून जुनी नाही. त्यापूर्वीच्या सामान्य गृहस्थाच्या घरी देव होते ते टाकांच्या, बाणांच्या, शाळिग्रामांच्या रूपाने. पितळेची अन्नपूर्णा आणि रांगता बाळकृष्ण असे. भिंतीवर रंगीत चित्र असणे हे वाडेवाल्यांचे आणि सरदारांचे काम होते. देवाला चेहरा असावा, तो ओळखीच्या माणसासारखा असावा, आणि तो चार-सहा आण्यांत मिळावा, ही तिन्ही कलमे एकत्र जुळून आली ती शिळाप्रेसमुळे.

महाराष्ट्रात या उद्योगाचा पाया घातला गेला तो पुण्यास, 1878 साली, आणि घालणाऱ्यांत अग्रभागी होते विष्णुशास्त्री चिपळूणकर. निबंधमालेच्या कर्त्याने चित्रांचा छापखाना काढावा याचे अनेकांस नवल वाटते. पण न्यू इंग्लिश स्कूल आणि केसरी यांच्याही आधी त्यांनी चित्रशाळेला हात घातला, यातच त्यांच्या दृष्टीची मर्मज्ञता आहे. ज्याला निबंध वाचता येत नाही त्यालाही चित्र पाहता येते, हे त्या ‘मराठी भाषेच्या शिवाजी’ने अचूक हेरले होते. तेथे रामपंचायतन छापले गेले तसे नाना फडणविसांचे चित्रही छापले गेले. म्हणजे एकाच छापखान्यातून देव आणि मुत्सद्दी शेजारी-शेजारी बाहेर पडले, आणि घराघरांच्या भिंतींवरही ते तसेच शेजारी-शेजारी लागले. पुढे वासुकाका जोशी यांच्या हाती चित्रशाळेचा कारभार आल्यावर तिचा बोलबाला अधिकच वाढला.

परंतु आमच्या माजघरातली लक्ष्मी चित्रशाळेची नव्हती. ती रवि वर्म्याची होती, आणि तिची हकिकत एका मराठी दिवाणाच्या पत्रापासून सुरू होते. तंजावरकडील मराठी घराण्यातले टी. माधवराव हे त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे अशा तीन संस्थानांचा कारभार पाहिलेले मुत्सद्दी. त्यांनी 1884 साली रवि वर्म्यास सुचविले की, चित्रांना मागणी इतकी आहे की एका माणसाच्या हाताने ती पुरी होणे अशक्य. तेव्हा निवडक चित्रे युरोपात पाठवून त्यांच्या तैलरंगी मुद्रित प्रती काढवाव्यात. सल्ला होता परदेशी छापून आणण्याचा. चित्रकाराने मात्र छापखानाच इकडे आणला. मध्यंतरी सयाजीराव गायकवाडांसाठी त्याने रंगविलेली 14 पौराणिक चित्रे मुंबईकरांनी गर्दी करकरून पाहिली होती, आणि गर्दी हा व्यापाराचा सर्वांत विश्वासू शकुन होय. 1894 साली मुंबईत यंत्रे उभी राहिली. यंत्रे जर्मनीची आणि ती चालविणारे कसबी कारागीरही जर्मन. शकुंतलेचा जन्म हे त्या छापखान्याचे पहिले अपत्य. दोन वर्षांत मुंबईवर प्लेगची धाड आली, आणि अखेरीस कारखान्याचे बिऱ्हाड कार्ल्याच्या लेण्यांजवळ, मळवलीस हलले. थोड्याच अवधीत फ्रित्झ श्लायखर या जर्मन तंत्रज्ञाकडे त्याची मालकीही गेली.

त्या छापण्याची रीत मोठी मनोरंजक होती. बव्हेरियातून आणलेल्या चुनखडीच्या गुळगुळीत शिळेवर स्निग्ध खडूने चित्र काढावयाचे, मग शिळा ओली करावयाची. तेलकट रेषेला पाणी धरत नाही आणि ओल्या दगडाला शाई धरत नाही, एवढ्या एका साध्या वैराच्या आधारावर सगळा खेळ. शिवाय प्रत्येक रंगाला शिळा वेगळी. लक्ष्मीच्या गालांचा गुलाबी एका दगडावर, साडीचा तांबडा दुसऱ्यावर, पाण्याचा निळा तिसऱ्यावर, आणि कागद त्या सर्वांवरून नेमक्या जागी फिरून यावयाचा. तो केसभर सरकला की देवीचे ओठ ओठांच्या बाहेर जात. वरून रोगण चढवून आणि कागद कापडाचा वाटावा असा खरखरीतपणा उठवून चित्र तयार होई. यात एक गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. शिळेवर चित्र उलटे काढावे लागते, आणि ते काढणारा हात रवि वर्म्याचा नव्हता. ज्या मुखाकडे पाहून आमच्या आजीने आयुष्यभर हळदकुंकू वाहिले, ते एखाद्या जर्मन कारागिराने, ज्याला लक्ष्मीचे एकही स्तोत्र येत नव्हते, उजव्याचे डावे करून दगडावर उतरविलेले होते. आजीला हे सांगितले असते तर तिचे काही बिघडले असते असे मला वाटत नाही. मूर्ती घडविणारा पाथरवट कोण हेही तिने कधी विचारले नव्हते.

आनंद कुमारस्वामी आणि भगिनी निवेदिता यांनी या चित्रांवर कठोर टीका केली, आणि ती सर्वस्वी निराधार होती असे म्हणता येणार नाही. देवतांना नाटकातल्या पात्रांची कळा आली आहे, हा आक्षेप आजही टिकेल. पण नाटकातली ती कळाच लोकांना हवी होती. याच छापखान्यात काही काळ काम केलेल्या दादासाहेब फाळक्यांनी 1913 साली हरिश्चंद्र पडद्यावर आणला, आणि भिंतीवरचे देव हलू-चालू लागले. टीकाकारांचे म्हणणे दिवाणखान्यांनी ऐकले, माजघरांनी ऐकले नाही.

माजघराने तर चित्रावर आपलाही हात चालविला. कागदी लक्ष्मी कापडावर चिकटवून बायका तिच्या साडीवर खरी जर, टिकल्या आणि मणी शिवीत. मुद्रित ठसा एकच, पण गल्लीतल्या दहा घरांतल्या दहा लक्ष्म्या निराळ्या. आमच्या लक्ष्मीच्या नाकात आजीने आपल्या पसंतीची एक मोत्याची नथ शिवून घातली होती, आणि काचेआड ती कागदापासून किंचित उचललेली दिसे.

पुढे तसबिरीची जागा कॅलेंडरने घेतली. सराफ, कापडवाले, तेलातुपाचे व्यापारी नववर्षाच्या सुमारास देवाचे चित्र फुकट वाटू लागले आणि देवाच्या पायाशी पेढीचे नाव आले. रघुवीर मुळगावकर यांच्यासारख्या कसलेल्या चित्रकाराचे देव अशा वाटेने लक्षावधी घरांत गेले. तेच मुळगावकर आणि त्यांचे समकालीन दीनानाथ दलाल, दोघेही गोमंतकाचे, दिवाळी अंकांची मुखपृष्ठे रंगवून शिकल्यासवरल्या घरांतही शिरले होते. कॅलेंडरने एक धर्मसंकट मात्र उभे केले. वर्ष सरले तरी देव सरत नाही, मग त्या कागदाचे करावयाचे काय? तारखांचा गठ्ठा फाडून चित्र चौकटीत बसवावे, नाही तर पिंपळाच्या पारावर नेऊन ठेवावे. 1973 साली जयंतराव साळगावकरांचे कालनिर्णय निघाले आणि भिंतीवरचा तो खिळा तिथी, एकादशी आणि दूधवाल्याच्या खाड्यांच्या नोंदीकडे गेला. त्याच्या आदल्याच वर्षी मळवलीचा छापखाना आगीत जळाला होता.

मागील वर्षी माजघराला रंग द्यावयाचा म्हणून तसबीर खाली उतरविली. तिच्यामागे 1961 सालची शेतसाऱ्याची पावती आणि वाळलेल्या गवताची एक मूठ निघाली. वाळवीने पाठीचा पुठ्ठा खाल्ला होता, म्हणून मी ती चौकटी करणाऱ्या दुकानदाराकडे नेली. त्याने सागवानी चौकटीवर अंगठा फिरवीत विचारले, “चित्र ठेवायचंय, का नुसती फ्रेम देताय? फ्रेमला गिऱ्हाईक आहे.” मी नवा पुठ्ठा घालावयास सांगितला आणि चार दिवसांनी तसबीर घरी आणली. आईने चष्मा पदराने पुसला, काचेपाशी वाकून आधी नथ पाहिली, आणि मोती जागेवर आहे याची खात्री झाल्यावर मग हात जोडले.