औषधलेखनाच्या सवयींवरील प्रयोग
डॉक्टरांच्या औषधे लिहून देण्याच्या सवयी बदलण्यासाठी योजलेले उपाय कितपत परिणामकारक ठरतात, हे तुलनेने पारखणारे प्रयोग. अनावश्यक इंजेक्शने व प्रतिजैविके यांमुळे रुग्णाचा पैसा वाया जातो, अपाय संभवतो आणि जंतूंमध्ये औषधरोध वाढतो. म्हणून या प्रयोगांना महत्त्व आले.

आवश्यक औषधांच्या याद्या भारतात हाथी समितीने १९७५ मध्ये व जागतिक आरोग्य संघटनेने १९७७ मध्ये सादर केल्या. तथापि केवळ छापील माहितीने सवय बदलत नाही, हे जेरी अव्हॉर्न व स्टीफन सूमराय यांच्या अमेरिकेतील प्रयोगात (१९८३) दिसून आले. चार राज्यांतील ४३५ डॉक्टरांचे त्यांनी यदृच्छेने तीन गट पाडले. छापील मजकूरच मिळालेल्या गटात फरक पडला नाही. औषधनिर्माणज्ञांनी प्रत्यक्ष भेटून समजावलेल्या गटात मात्र निवडक औषधांचे लेखन नियंत्रण गटाच्या तुलनेत १४ टक्क्यांनी घटले. औषध कंपन्यांच्या प्रतिनिधींचे तंत्रच येथे उलट हेतूने वापरले होते.

महाराष्ट्रात अनंत फडके व त्यांचे सहकारी यांनी सातारा जिल्ह्यातील औषधांचा पुरवठा व वापर यांची पाहणी केली. तीवर आधारलेला ग्रंथ १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. पाहणीने सवयीचे स्वरूप कळते. उपायाचे फळ ठरविण्यास मात्र तुलनेचा गट लागतो, कारण ऋतू, साथी व औषधांचा तुटवडा यांमुळेही औषधलेखन बदलते.

प्रयोगाची आखणी करताना गट रुग्णांचे न पाडता डॉक्टरांचे किंवा आरोग्य केंद्रांचे पाडतात. कारण प्रशिक्षित डॉक्टर सर्वच रुग्णांना नव्या रीतीने तपासतो. उदा., कोल्हापूर जिल्ह्यात करवीर तालुक्यात उपाय योजून गगनबावड्याशी तुलना केल्यास निष्कर्ष निघणार नाही. दोन तालुक्यांतील मूळचा भेद व उपायाचा परिणाम वेगळे करता येत नाहीत. बाराही तालुक्यांतील अनेक केंद्रांची यदृच्छेने वाटणी करणे इष्ट होय.

विश्लेषणातही हे भान आवश्यक असते. एकाच डॉक्टरच्या चिठ्ठ्या परस्परांसारख्या असतात. २० डॉक्टरांच्या प्रत्येकी ५० चिठ्ठ्या घेतल्या व त्यांचा अंतर्गत सहसंबंध ०·१ असला, तर विचरण १ + (४९ × ०·१) = ५·९ पट होते; म्हणजे १,००० चिठ्ठ्यांचे मोल सु. १७० स्वतंत्र चिठ्ठ्यांइतकेच उरते. समूह-नमुन्यांतील हा प्रश्न सातारा जिल्ह्यात जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांच्या नमुना-पाहणीवरील ग्रंथातही (१९५४) आला आहे. त्याकडे दुर्लक्ष केल्यास निरुपयोगी उपायही यशस्वी भासतो व सार्वजनिक पैसा त्यावर खर्च होतो. औषधे घटल्यावर रुग्ण बरे होतात काय आणि काही महिन्यांनी जुनी सवय परतते काय, याचेही मापन करावे लागते.