एका उपसर्गाचा धोका

इंग्रजीच्या तासाला आपण मुलांना सांगतो की, विशेषणाच्या आधी ‘इन’ लावले की अर्थ उलटा होतो. ‘करेक्ट’चे ‘इनकरेक्ट’, ‘व्हिजिबल’चे ‘इनव्हिजिबल’. नियम सोपा आहे, लगेच पाठ होतो. मग विज्ञानाच्या तासाला एखादी मुलगी स्पिरिटच्या बाटलीवर ‘इनफ्लेमेबल’ हा शब्द वाचते आणि तोच नियम लावते : न पेटणारे. तिचा तर्क चोख आहे. निष्कर्ष मात्र घातक आहे, कारण ‘फ्लेमेबल’ आणि ‘इनफ्लेमेबल’ या दोन्ही विशेषणांचा अर्थ एकच : सहज पेट घेणारे.

असे का झाले? इंग्रजीत लॅटिनमधून आलेले ‘इन’ दोन आहेत. एक नकाराचा, तो आपल्या ‘अ’ आणि ‘अन्’ यांचा भाऊबंद. दुसऱ्याचा अर्थ ‘आत’, ‘मध्ये’. लॅटिनमध्ये ‘इनफ्लामारे’ म्हणजे पेटवणे. त्यात दुसरा ‘इन’ आहे. शरीराच्या दाहाला डॉक्टर ‘इन्फ्लमेशन’ म्हणतात, तो शब्दही याच घराण्यातला.

रसायनशास्त्रात हा शब्द चांगलाच रुळलेला होता. हेन्री कॅव्हेंडिशने 1766 साली धातूंवर आम्लाची क्रिया करून मिळणाऱ्या वायूचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्या वायूला तो ‘इनफ्लेमेबल एअर’, म्हणजे पेटणारी हवा, म्हणत असे. पुढे 1787 मध्ये लाव्हाझिए आणि त्याच्या सहकाऱ्यांनी त्याला हायड्रोजन हे नाव दिले. कॅव्हेंडिशचे वाचक लॅटिन शिकलेले विद्वान होते. त्यांचा गोंधळ होण्याचे कारण नव्हते.

विसाव्या शतकात वाचक बदलला. पेट्रोल आणि निरनिराळे द्रावक पिंपांत भरून गावोगाव जाऊ लागले. पिंपावरची सूचना आता हमाल, ड्रायव्हर आणि गोदामातला कामगार वाचणार होता. त्याने ‘इन’चा अर्थ ‘नाही’ असा घेतला, तर तो पिंपाशेजारी बसून बिनदिक्कत विडी पेटवील! म्हणून अमेरिकेतील नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशनने 1920 च्या दशकात ‘फ्लेमेबल’ हा शब्द वापरण्याचा आग्रह धरला. हा शब्द एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापासून इंग्रजीत होता, पण फारसा चलनात नव्हता. ब्रिटिश स्टँडर्ड्स इन्स्टिट्यूशननेही 1959 मध्ये ‘फ्लेमेबल’ आणि ‘नॉन-फ्लेमेबल’ हीच जोडी पसंत केली.

तरीही जुना शब्द गेला नाही. आपल्याकडे 1952 साली झालेल्या कायद्याचे नावच ‘इनफ्लेमेबल सबस्टन्सेस ॲक्ट’ असे आहे. फ्रेंचमध्ये तर ‘इनफ्लेमेबल’चे फ्रेंच रूप आजही ‘पेटणारे’ याच अर्थाने चालते. न पेटणाऱ्या वस्तूसाठी फ्रेंच माणूस त्याच्या आधी आणखी एक ‘इन’ लावतो. दोन्ही जातींचे ‘इन’ एकाच शब्दात शेजारी शेजारी!

या इतिहासातून शिक्षकांनी घेण्यासारखी गोष्ट अशी की, आपल्या विद्यार्थिनीची चूक ही परकी भाषा शिकणाऱ्याचा अडाणीपणा नव्हे. जन्मापासून इंग्रजी बोलणारेही ती करतील, हे ओळखूनच तज्ज्ञांनी आपला शब्द बदलला. शब्द व्युत्पत्तीने बरोबर असून भागत नाही. तो वाचणाऱ्याला वेळेवर कळावा लागतो.

मराठीतही उपसर्गांचे असे चकवे आहेत. ‘अमूल्य’ म्हणजे कवडीमोलाचे असे आपले मूल समजत नाही, कारण त्याने तो शब्द वापरात ऐकलेला असतो. इंग्रजी विशेषणांनाही हाच उपाय. रंगाचा थिनर, नखांचे पॉलिश काढायचे द्रव, सुगंधी फवारा अशा वस्तूंच्या वेष्टनांवरील सूचना मुलांना घरून उतरवून आणायला सांगाव्यात. वर्गात त्या फळ्यावर लिहून दोन्ही शब्दांसमोर एकच मराठी शब्द लिहावा : ज्वालाग्राही. उपसर्गाचा नियम त्यानंतर शिकवला तरी चालेल.