कायदेमंडळातले गोखले

आज एखाद्या तरुणाने आमदार व्हायचे ठरवले, तर तो आधी मतांची गणिते मांडायला बसेल. गोपाळ कृष्ण गोखले ज्या केंद्रीय कायदेमंडळात गेले, तिथे अंदाजपत्रकावर मतदानच होत नसे. १८९२च्या कायद्याने सभासदांना बोलण्याची आणि प्रश्न विचारण्याची मुभा दिली. पैचाही फेरबदल करण्याचा अधिकार दिला नाही. निवडणूकही अशीच. मुंबई कायदेमंडळातल्या बिनसरकारी सभासदांनी शिफारस करायची आणि नेमणूक सरकारने!

अशा ठिकाणी माणसाने करायचे काय? २६ मार्च १९०२ रोजी कलकत्त्यात लॉर्ड कर्झन यांच्यासमोर गोखले अंदाजपत्रकावर पहिल्यांदा बोलले. तिजोरीत सात कोटींची शिल्लक होती आणि सरकारचे अभिनंदन चालले होते. गोखल्यांनी त्यात सामील व्हायला नकार दिला. दुष्काळ आणि प्लेगने लोक पिचलेले असताना शिल्लक उरते, म्हणजे कर गरजेपेक्षा जास्त घेतला जातो, हे त्यांनी सरकारचेच आकडे पुढे ठेवून दाखवले. मिठावर तेव्हा मणामागे अडीच रुपये कर होता.

हे आकडे जमवायला ग. व्यं. जोशी नावाच्या एका हेडमास्तरांची मोठी मदत असे. सरकारी अहवाल कोळून प्यायलेला हा माणूस. त्यांची आठवण फारशी कुणी काढत नाही, याचे मला वाईट वाटते.

१९०३ मध्ये मिठाचा कर दोन रुपये झाला, १९०५ मध्ये दीड आणि १९०७ मध्ये एक. हे एकट्या गोखल्यांनी घडवले असे मी म्हणणार नाही. तिजोरी भरलेली होती. पण ती कोणाच्या पैशाने भरली, हे सभागृहात त्यांनी दरवर्षी सांगितले.

१९११ मध्ये त्यांनी प्राथमिक शिक्षणाचे विधेयक आणले. मागणी किती माफक होती बघा! सहा ते दहा वर्षांच्या मुलांना सक्तीचे शिक्षण, तेही स्थानिक संस्थेची तयारी आणि सरकारची परवानगी असेल तिथेच. बडोद्यात सयाजीरावांनी १९०६ मध्येच संस्थानभर सक्ती लागू केली होती. तरीही १९ मार्च १९१२ रोजी ३८ विरुद्ध १३ मतांनी विधेयक पडले. विरोधकांत काही हिंदी सभासदही होते. पडणार हे ठाऊक असूनही गोखले त्या दिवशी सविस्तर बोलले, तक्रारीचा सूर न लावता.

१९१५ मध्ये ते गेले. तीन वर्षांनी, १९१८ मध्ये, विठ्ठलभाई पटेलांनी मुंबई कायदेमंडळात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा कायदा संमत करून घेतला.