दुष्काळातली आशा : जालन्याचं बेथेल आणि केडगावचं मुक्ती सदन



दसरा-दिवाळी झाली की आपल्या अंबड, घनसावंगी, परतूर, मंठ्याकडच्या कितीतरी घरांना कुलपं लागतात. मुकादमाची उचल घेतलेली असते, कोयता निघतो. ज्या वर्षी पाऊस दगा देतो त्या वर्षी तर निम्मं गाव बाहेर असतं. मग गटाच्या बैठकीला चार-पाच जणी येतात, हप्ते थकतात, रजिस्टरवर धूळ बसते. २०१२-१३ चा दुष्काळ आठवा. टँकरच्या मागं घागरी घेऊन पळणाऱ्या बाया आणि जळून गेलेल्या मोसंबीच्या बागा आपण सगळ्यांनी पाहिल्या. अशा वेळी बैठकीत एक प्रश्न हमखास येतो, "ताई, आता कशाच्या भरवशावर पुढं जायचं?"

हा प्रश्न जुना आहे. आपल्या आधीच्या बायकांनी याहून भयंकर दुष्काळात तो विचारला होता. आज आम्ही दोन जागांची गोष्ट सांगणार आहोत. एक आपल्या जालन्याजवळची, दुसरी पुणे जिल्ह्यातल्या केडगावची. दोन्ही ठिकाणी माणसांना धीर मिळाला तो ख्रिस्ती श्रद्धेतून. आमच्या गटांत हिंदू, बौद्ध, मुस्लिम, ख्रिस्ती अशा सगळ्या जणी आहेत. कुणी कुठला देव मानावा हे सांगायला आम्ही बसलेलो नाही. संकटात श्रद्धेनं माणसाच्या हातून काय काय उभं राहिलं, एवढंच बघू.

आधी आपलं जालना. जिल्हा म्हणून जालना वेगळा झाला तो १ मे १९८१ ला. त्याआधी त्याचा बहुतेक भाग औरंगाबाद जिल्ह्यात होता आणि इंग्रजांच्या काळात हा सगळा मुलूख निजामाच्या राज्यात होता. जालन्याला लष्कराची छावणी होती. १८६० नंतरच्या काळात इथं रेव्हरंड नारायण शेषाद्री आले. ते ब्राह्मण घरातले. मुंबईत स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले आणि १८४३ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्या काळी याची किंमत फार मोठी होती. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत त्यांच्याबरोबर मिशनमध्ये राहायला गेला, तर प्रकरण कोर्टात गेलं आणि पोराला बापाच्या ताब्यात द्यावं लागलं. घरी परत आलेल्या त्या पोराला जातीत घ्यायचं की नाही यावरून मुंबईत मोठा वाद झाला. 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकर त्या मुलाच्या बाजूनं उभे राहिले, म्हणून त्यांनाही लोकांचा राग सोसावा लागला.

अशा घरातून आलेला माणूस जालन्यात कुणाजवळ जाऊन बसला? गावकुसाबाहेरच्या, मुख्यतः मातंग समाजातल्या लोकांजवळ. दोरखंड वळायचे, गावाची पडेल ती कामं करायची आणि सुगीला मिळेल ते बलुतं घ्यायचं, असं त्यांचं जिणं. स्वतःची जमीन नाही, गावच्या विहिरीवर पाणी भरायची सोय नाही. पाऊस गेला की सगळ्यात आधी चूल विझायची ती त्यांची.

शेषाद्रींनी या लोकांना नुसतं प्रवचन दिलं नाही. हैदराबादचे दिवाण सर सालारजंग यांच्याकडून त्यांनी जालन्याजवळ जमीन मिळवली आणि तिथं नवीन गाव वसवलं. त्याचं नाव ठेवलं बेथेल. तिथं घरं झाली, विहीर, शाळा आणि प्रार्थनामंदिर झालं. ज्याला कालपर्यंत दुसऱ्याच्या विहिरीपासून लांब उभं राहावं लागत होतं, त्याला स्वतःच्या गावची विहीर मिळाली. आज आपण पाण्यासाठी रांगेत उभ्या राहतो तेव्हा याचा अर्थ आपल्याला वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

बेथेल हे नाव बायबलमधलं आहे. याकोब नावाचा तरुण भावाच्या रागाला भिऊन घर सोडून पळतो. रात्र होते, उघड्या माळावर दगड उशाला घेऊन तो झोपतो. स्वप्नात त्याला जमिनीपासून आभाळापर्यंत शिडी दिसते. सकाळी उठून तो त्या जागेला बेथेल म्हणतो. बेथेल म्हणजे देवाचं घर. ज्यांना गावात जागा नव्हती त्यांच्या वस्तीला हे नाव किती विचार करून दिलं असेल बघा. उशाला दगड असलेली जागासुद्धा देवाचं घर होऊ शकते, हा त्या नावातला धीर.

बेथेल एका पुरुषाच्या पुढाकारानं उभं राहिलं. बाईनं बायकांसाठी उभं केलेलं असंच एक गाव बघायचं तर दौंडजवळच्या केडगावला जावं लागतं. ते उभं केलं पंडिता रमाबाईंनी.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. बाईनं संस्कृत शिकू नये असं मानण्याच्या काळात त्यांनी बायकोला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवलं आणि आईनं ते रमाला शिकवलं. हे कुटुंब तीर्थाटन करत, पुराण सांगत हिंडायचं. जवळचा पैसा दानधर्मात संपला आणि १८७४ च्या सुमाराला मद्रास इलाख्यात दुष्काळानं त्यांना गाठलं. पाणी पिऊन आणि झाडाचा पाला खाऊन दिवस काढले. आधी वडील गेले, मग आई, मग बहीण. आई गेली तेव्हा तिरडीला खांदा द्यायला माणसं मिळेनात. शेवटी दोघांना दया आली. भाऊ आणि ते दोघे खांदेकरी झाले. रमाबाईंची उंची कमी, म्हणून त्यांनी तिरडीची आपली बाजू डोक्यावर धरली. सोळा वर्षांची पोर आईला डोक्यावरून स्मशानात नेते, हे डोळ्यांपुढं आणा.

त्यानंतर बहीण-भाऊ हजारो मैल पायी हिंडले. १८७८ ला कलकत्त्याला पोचले. तिथल्या विद्वानांनी तिला पंडिता आणि सरस्वती म्हणून गौरवलं. पण १८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी लग्न झालं, मुलगी मनोरमा झाली आणि १८८२ मध्ये पटकीनं नवराही गेला. तेविसाव्या वर्षी विधवा, पदरात वर्षाच्या आतलं लेकरू. रमाबाई पुण्याला आल्या, आर्य महिला समाज काढला, हंटर कमिशनपुढं बायकांच्या शिक्षणाची बाजू मांडली आणि १८८३ मध्ये शिकायला इंग्लंडला गेल्या.

तिथं त्यांना श्रद्धा कशी सापडली, ते बायकांनी ऐकण्यासारखं आहे. लंडनच्या फुलहॅम भागात ख्रिस्ती भगिनी वाट चुकलेल्या, समाजानं टाकलेल्या बायकांना सांभाळत होत्या. अशा बायकांना कुणी मायेनं जवळ घेतं, हे रमाबाईंनी पहिल्यांदा पाहिलं. असं का करता, म्हणून विचारलं. तेव्हा त्यांना येशूची आणि शोमरोनी बाईची गोष्ट सांगितली गेली. भर दुपारी एकटीच विहिरीवर पाणी भरायला आलेली ती बाई. तिची जात हलकी मानलेली, नावही बदनाम झालेलं. येशू तिच्याकडं पाणी मागतो, तिच्याशी बोलत बसतो आणि तिला माणूस म्हणून वागवतो. ही गोष्ट रमाबाईंच्या मनात घर करून राहिली. त्याच वर्षी सप्टेंबरात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण धर्मगुरू म्हणतील ते डोळे मिटून मानायला त्या तयार नव्हत्या. तिथल्या वडीलधाऱ्या भगिनींशीही त्या आपल्या विवेकाच्या बाजूनं वाद घालत राहिल्या.

परत आल्यावर ११ मार्च १८८९ ला त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन सुरू केलं, पुढं ते पुण्याला आणलं. तिथं प्रत्येकीला आपापला धर्म पाळायची मोकळीक होती. तरी काही मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसू लागल्या तेव्हा १८९३ मध्ये पुण्यात मोठं वादळ उठलं. 'केसरी'नं टीका केली, रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. अडचणीतला माणूस मोकळ्या मनानं धर्म निवडतो का, हा त्या वादातला प्रश्न रास्त होता आणि आजही आहे. आमच्या गटांत म्हणूनच नियम आहे की मदत करताना धर्म विचारायचा नाही आणि मदतीच्या बदल्यात काही मागायचंही नाही. पण ज्यांनी मुली काढून नेल्या त्यांनी इतर विधवांसाठी त्या दिवशी दुसरं दार उघडलं नव्हतं, हेही विसरून चालत नाही.

त्या वादळानंतर रमाबाईंनी जे केलं ते बचत गटातल्या प्रत्येक बाईनं लक्षात ठेवावं. त्यांनी केडगावला सुमारे शंभर एकर जमीन घेतली. विहिरी खोदल्या, फळझाडं लावली. देणगी उद्या बंद झाली तर सदन आपल्या शेताच्या उत्पन्नावर चालावं, हा हिशेब. तेव्हा दुष्काळ आलेला नव्हता.

तो आला १८९६-९७ मध्ये. मध्य प्रांतात माणसं मरू लागली. रमाबाईंना आपली आई आठवली आणि त्या स्वतः तिकडं गेल्या. रस्त्यावर पडलेल्या, उपासानं वाळलेल्या सुमारे तीनशे मुली-बायकांना त्यांनी आणलं. पुण्यात तेव्हा प्लेगची साथ होती आणि नव्या मुली शहरात ठेवायला सरकारची बंदी झाली. जायचं कुठं? केडगावचं शेत होतं. तंबू ठोकले, झोपड्या घातल्या आणि मुक्ती सदन उभं राहिलं. १९०० च्या दुष्काळात गुजरातेतूनही मुली आल्या आणि केडगावची वस्ती दोन हजारांच्या जवळपास गेली.

त्या बायका नुसत्या बसून खात नव्हत्या. शेती, विणकाम, शिवण, तेलघाणा, गाईम्हशी, छापखाना, असं प्रत्येकीच्या हाताला काम होतं आणि सकाळ-संध्याकाळ प्रार्थना होती. आंधळ्या मुलींना मनोरमाबाई ब्रेल शिकवायच्या. समाजानं टाकलेल्या बायकांसाठी कृपा सदन होतं. विहिरीवरच्या त्या शोमरोनी बाईचीच ती आठवण. प्लेगच्या दवाखान्यांत बायकांचे हाल होतात म्हणून रमाबाईंनी इंग्रज सरकारविरुद्ध वर्तमानपत्रात उघड लिहिलं. राज्यकर्ता आपल्याच धर्माचा आहे म्हणून त्यांनी जीभ चावली नाही.

त्याच प्लेगमध्ये १० मार्च १८९७ ला सावित्रीबाई फुले रुग्णांची सेवा करताना गेल्या. सावित्रीबाईंची वाट सत्यशोधकाची, रमाबाईंची येशूची. एकाच वर्षी, एकाच शहरावरच्या संकटात दोघी आजारी आणि उपाशी माणसांसाठी धावल्या. धीर ही एकाच धर्माची जहागिरी नाही, हे यावरून कळतं.

शेवटची काही वर्षं रमाबाई बायबलचं मराठी भाषांतर करत होत्या. आधीच्या भाषांतरातले जड शब्द खेड्यातल्या बाईला कळत नाहीत, म्हणून सोपी मराठी. खिळे जुळवायला, छापायला, बांधणी करायला मुक्तीतल्याच बायका. १९२१ मध्ये मनोरमा गेली. आई-बाप, भाऊ-बहीण, नवरा आणि आता एकुलती लेक. तरी काम थांबलं नाही. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या. बायबल पूर्ण छापून निघालं ते १९२४ मध्ये.

मैत्रिणींनो, या दोन गोष्टी ऐकून आम्हाला एक गोष्ट पक्की वाटते. शेषाद्रींच्या आणि रमाबाईंच्या श्रद्धेनं दुःख टळलं नाही. रमाबाईंच्या घरातलं एकेक माणूस गेलंच. पण त्या श्रद्धेनं त्यांना एकटं बसू दिलं नाही. तिची विहीर झाली, शंभर एकर शेत झालं, माग झाला, छापखाना झाला. आणि केडगावची जमीन दुष्काळाच्या आधी घेतलेली होती म्हणून दुष्काळात तीनशे जणींना टेकायला जागा मिळाली.

आपला गट हेच आपलं केडगाव आहे. तो बऱ्या वर्षात भरायचा असतो आणि वाईट वर्षात मोडू द्यायचा नसतो. म्हणून आमचं सांगणं एवढंच. कोयत्याला जाणाऱ्या बहिणीचं नाव रजिस्टरमधून काढू नका. ती फडावरून फोनवर हजेरी लावेल, परत आल्यावर हप्ता भरेल, तोवर तिचा हप्ता कसा सांभाळायचा ते बैठकीत बसून ठरवा. सुगी झाली की पन्नास-शंभर रुपये दुष्काळासाठी वेगळे ठेवा. जिचा नवरा गेला, जिला घरानं टाकलं, तिला पहिल्या ओळीत बसवा. आणि बैठकीच्या सुरुवातीला ज्या देवाचं नाव घेता, ते मनापासून घ्या. मग रजिस्टर उघडा.

पुढच्या बैठकीत हा लेख मोठ्यानं वाचा आणि त्याच दिवशी दुष्काळासाठीचा पहिला रुपया बाजूला काढा.